अर्ध्या भाकरीचा वीर

सन दोन हजार चोवीस. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. बाप गेल्यापासून आमच्या घरचा वीर दरसाल मीच गंगेवर नेत आलो, आणि त्या वर्षीच्या धुळवडीला पहिल्यांदा भाकरी माझ्या हातून नीट मोडली नाही. बघणारे म्हणाले, वय झालं. मी म्हणू दिलं.

बाहेरगावच्या माणसाला वीर म्हणजे काय हे सांगावं लागतं. आमच्या नाशकात धुळवडीला रंग खेळत नाहीत, तो रंगपंचमीला. धुळवड वीरांची. घरातलं जे माणूस अवेळी गेलं, लढाईत म्हणा, विहिरीत म्हणा, लग्नाआधी म्हणा, त्याचा चांदीचा टाक करतात. अंगठ्याएवढा पत्रा, त्यावर उभा माणूस ठोकलेला. वर्षभर तो देव्हाऱ्यात असतो. धुळवडीला दुपारून त्याला खोबऱ्याच्या वाटीत बसवायचं, लाल फडक्यात बांधायचं, आणि हलगीवर नाचवत गोदावरीला न्यायचं. आम्ही तिला गंगाच म्हणतो. तिथं आंघोळ घालायची आणि तसंच नाचवत घरी आणायचं. हे काम पुरुषांचं. बायका बघायला असतात.

आमच्या घरचा वीर घाटातला. सगळ्या गावाला ठाऊक. माझा पणजोबा आणि त्याचा थोरला भाऊ, असे दोघे इंग्रजाच्या काळात इगतपुरीला गेले होते, रेल्वेसाठी घाट फोडायच्या कामावर. फुलांचा मळा होता, पण त्यात सगळ्यांचं पोट भरत नव्हतं. थोरल्यानं धाकट्याला आईजवळून मागून नेलं, मी सांभाळतो म्हणून. एक दिवस दुपारी त्यांच्याकडं एकच भाकरी होती. थोरल्यानं ती मोडली, अर्धी धाकट्याला दिली, आपली अर्धी फडक्यात बांधली आणि बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाला, कसाऱ्याच्या बाजूला कामावर गेला. धाकटा इगतपुरीच्या बाजूला राहिला. बोगदा नुकताच आरपार झाला होता. मग सुरुंग उडाला, आणि मधलं छत खाली आलं. धाकट्याला मुकादमानं सांगितलं, पलीकडचं कोणी उरलं नाही, घरी जा. तो घरी आला. तो माझा पणजोबा. थोरल्याचा टाक झाला.

म्हणून आमच्या वीराला पुरणपोळी नाही. त्याला भाकरी, आणि तीही अर्धी. गंगेच्या पायरीवर घरच्या कर्त्यानं भाकरी मोडायची, अर्धी वीरापुढं ठेवायची, अर्धी तिथंच उभ्यानं खायची. नाशकात दुसऱ्या कोणाच्या घरी हे नाही. लोक थांबून बघतात. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

गोष्ट सांगायलाही मला आवडायची. साहेबानं विचारलं, सुरुंगाची वात कोण पेटवतो, कोणी पुढं होईना, तेव्हा आमचा वीर छाती काढून पुढं झाला, असं मी सांगायचो. साहेब माझ्या बापाच्या गोष्टीत नव्हता. तो मी आणला. पण इतकी वर्षं सांगितल्यावर तो मला दिसायलाही लागला होता, टोपीसकट.

तर त्या वर्षी होळीच्या दिवशी सकाळी दारात टॅक्सी उभी राहिली. ड्रायव्हर आमच्याच गावचा. गाव म्हणायचं आता नावाला. गंगापूर रोड वाढत वाढत आमच्या गुलाबाच्या वावरापर्यंत आला आणि चारी बाजूंनी बिल्डिंगी उभ्या राहिल्या. मी मात्र अजून दोन सरी झेंडू लावतो. विकायला नाही. आहे आपला.

ड्रायव्हर म्हणाला, "आबा, पाव्हणी आणलीय. लय लांबून. घाटात मेलेल्या माणसाचं घर हुडकतीय. म्हणलं, मग आमच्या आबाशिवाय कोण?"

उतरली ती एक म्हातारी. केस पांढरे कापूस, पायात बूट, अंगात पँट, हातात मात्र सोन्याच्या जाड बांगड्या. मला बघून तिनं हात जोडले आणि "राम राम" म्हणाली. पुढचं सगळं इंग्रजी. माझी शाळा चौथीत सुटली. सून शाळेत इंग्रजी शिकवते, ती मधे बसली म्हणून बोलणं झालं.

म्हातारी अमेरिकेतली. म्हणजे आपली पोरं कंपनीत जातात ती अमेरिका नव्हे. तिच्याही खाली, दक्षिण अमेरिकेत गयाना म्हणून देश आहे, तिथली. तिकडंही तेव्हा इंग्रजांचंच राज्य. सुनेनं मला समजावलं की उसाच्या मळ्यात त्यांनी आधी आफ्रिकेतले गुलाम राबवले, मग गुलामी बंद करावी लागली, तरी ऊस काही थांबेना, म्हणून आपल्याकडची गरिबीतली माणसं करार करून जहाजात घातली. म्हातारीचा पणजोबा त्यातला. तो सांगायचा, मी नाशिकचा, गंगेच्या काठचा, आमचा फुलांचा मळा. घाटातल्या बोगद्यात माझा भाऊ मेला. मग मी कामामागं काम धरत कलकत्त्याला पोचलो आणि जहाजात चढलो.

मी मांडी घालून बसलो होतो, तो ताठ झालो. म्हणालो, "अगं, मग हाच तो! बोगद्यात मेला तो आमचाच वीर!" उठलो, देव्हाऱ्यातून टाक काढला, लांबून तिला दाखवला. हातात नाही दिला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

ती सांगत राहिली. तिचा पणजोबा गुलामांच्याच जुन्या खोल्यांत राहिला. करार संपल्यावर त्याला समुद्राच्या बांधाआड चिखलाचा एक तुकडा मिळाला. बाकीचे लोक भात लावत, हा पाटाच्या कडेनं झेंडू लावी. बायको जहाजात भेटलेली, बिहारकडची. लोक त्याला हसत, कारण होळीच्या दुसऱ्या दिवशी सगळे रंग खेळायचे आणि हा नारळ लाल फडक्यात बांधून पाटावर न्यायचा, डबा वाजवायला लावायचा आणि एकटा नाचायचा. पोरांनी विचारलं तर म्हणायचा, भावाला आंघोळ घालतो.

"परत का नाही आला?" मी विचारलं.

सुनेनं विचारून सांगितलं, "म्हणतात, आईला काय तोंड दाखवू, असं म्हणायचा. तिनं धाकट्याला ह्याच्या भरवशावर पाठवलं होतं."

"थोरल्याला," मी म्हणालो. "मेला तो थोरला."

सुनेनं पुन्हा विचारलं. म्हातारीनं मान हलवली. बोटानं जमिनीपासून थोडं वर दाखवलं, लहान असं.

"धाकटाच म्हणतायत, आबा. मेला तो धाकटा. ह्यांचा पणजोबा थोरला."

मी म्हणालो, "मग झालं. जुळत नाही. आमचा मेला तो थोरला, धाकटा जगला, तो माझा पणजा. हिचा मेला तो धाकटा. भाऊ दोनच होते. एक मेला, एक घरी आला. तिसरा कुठून आणू मी हिच्यासाठी? दुसरं घर बघा म्हणावं."

सून हळूच म्हणाली, "आबा, आता तर पुरतंच जुळतंय."

"कसं?"

"मेलाच कुणी नाही."

मी तिच्यावर ओरडलो. पाहुण्यांसमोर ओरडलो. म्हणालो, "तू ह्या घरात येऊन किती वर्षं झाली? माझ्या बापानं, आज्यानं नाचवलाय तो वीर. जितं माणूस नाचवत होते का ते? येडे होते?"

तिनं चहाचा कप म्हातारीपुढं सरकवला.

म्हातारीला सगळं कळलं नसेल, पण माझा आवाज कळला. तिनं काहीतरी विचारलं. सून माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या म्हणतायत, नातं राहू द्या. उद्या वीराला पाण्यापर्यंत मी नेऊ का, एकदाच? त्यासाठीच आलेत इतक्या लांब. हातात तरी घेऊ द्या म्हणतात."

"बायका वीर नेत नाहीत."

"त्यांच्याकडं नेतात म्हणे. पोरं पांगली न्यूयॉर्कला, टोरांटोला. आता ह्याच नेतात."

"त्यांच्याकडं न्या मग."

असं मी म्हणालो. शब्द तोंडातून गेला. चहा तिनं अर्धाच घेतला आणि जाताना पुन्हा "राम राम" केलं. टॅक्सीजवळ माझ्या दोन सरी झेंडूच्या होत्या, तिथं ती वाकून उभी राहिली. हात नाही लावला. नुसती उभी राहिली. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला निघाला होता, त्यालाही वाजवता आला नाही.

धुळवडीला आम्ही निघालो. मुलगा हलगीच्या पुढं, मी वीर घेऊन. गंगेवर हीऽऽ गर्दी. कुणाचे वीर घोड्यावर, कुणी पोराला देवाचं रूप दिलेलं, भंडारा उधळलेला. आम्ही आमच्या नेहमीच्या पायरीवर उतरलो. मी टाक पाण्यात धरला, अंगठ्यानं चोळला. चांदी झिजून झिजून त्या माणसाचं तोंड आता सपाट झालंय. कोण आहे ते त्यावरून कुणालाच सांगता यायचं नाही.

भाकरी काढली आणि मोडणार, तोच दोन पायऱ्या खाली ती दिसली. म्हातारी. पँट वर दुमडलेली, घोट्यापर्यंत पाण्यात. हातात लाल फडक्यात बांधलेला नारळ. आणि तिच्या काखेला हात घालून उभी कोण, तर माझी सून! बाजारात जाते म्हणून घरातून गेली होती.

म्हातारीनं नारळाला पाणी घातलं. तीन वेळा, आम्ही घालतो तसं. मग जागच्या जागी थोडी नाचली. नाच कसला, गुडघे दुखणाऱ्या बाईचं हलणं ते. पण पाय आमच्याच हलगीवर पडत होता, उजवा आधी. मग तिनं पर्समधून हॉटेलच्या कागदी रुमालात गुंडाळलेली एक चपाती काढली. मी बघत होतो. तिनं ती चपाती मधोमध मोडली. अर्धी नारळावर ठेवली. आणि अर्धी तिथंच, पाण्यात उभ्यानं, खायला लागली.

हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. सुनेनं नंतर आईची शपथ घेतली, मीही नाही म्हणाली. आणि शपथेची गरजही नव्हती. ज्या हातानं भाकरी मोडून दिली त्याला ठाऊक, आणि ज्यानं घेतली त्याला ठाऊक. तिसऱ्याला ते ठाऊक व्हायला त्या दोघांपैकी एक जगायला पाहिजे, आणि समुद्राच्या दोन्ही काठांना ते ठाऊक व्हायला दोघंही जगायला पाहिजेत.

माझी भाकरी वेडीवाकडी मोडली ती तेव्हा.

शेजारच्या गल्लीतला एक जण होता वीर घेऊन आलेला. तो म्हणाला, "ओ आबा, ती बाई बघा की! तुमच्यागत करती!"

मी म्हणालो, "करू दे. गंगेवर येऊन कोणी काय बी करतं."

अजून तो शब्द माझ्या कानात आहे. ती माझ्याकडं बघून हसत होती, तोंडात घास. बोलावत होती बहुतेक. मी पाठ फिरवली. माझी अर्धी मी खाल्ली. लोकांच्या देखत टाकून कशी देणार?

घरी आलो, टाक देव्हाऱ्यात ठेवला. दरवर्षी संध्याकाळी चार माणसं ओट्यावर बसतात आणि मी बोगद्याची गोष्ट सांगतो. त्या दिवशी माणसं आली. एक जण म्हणाला, "हं आबा, साहेब काय म्हणला मग?" मी म्हणालो, घसा बसलाय. माणसं थोडा वेळ बसून गेली.

मी एकटाच विचार करत राहिलो. त्या दोघांचं मरण मला सोसलं असतं, माणसं मरतात. मला त्यांचं जगणं सोसेना. छत मधे पडलं, आणि बोगद्याच्या दोन्ही तोंडांना मुकादमांनी एकच सांगितलं असणार, पलीकडचं कोणी उरलं नाही. दोघंही म्हातारे होऊन मेले. धाकटा इथं, माझ्या बापाला खांद्यावर घेऊन मळ्यात फिरायचा, बाप सांगायचा. थोरला तिकडं, पाटाच्या कडेला. दोघांनीही झेंडू लावला. आणि दरसाल एकाच दिवशी एक भाऊ गंगेत आणि दुसरा त्या खाऱ्या पाटात, एकमेकाला मेला समजून आंघोळ घालत होते. ह्यानं अर्धी ठेवायची, त्यानं अर्धी ठेवायची. दोन्ही अर्ध्या पाण्यात जायच्या. हलगी इथं वाजायची, डबा तिथं, आणि एकाला दुसऱ्याचा आवाज नाही.

आणि ती आई. तिला कोणी विचारलंच नाही आमच्या गोष्टीत. आमच्या गोष्टीत साहेब आहे, वात आहे, छाती आहे. आई फक्त धाकट्याला मागून नेण्यापुरती. थोरला तिला तोंड कसं दाखवू म्हणून सात समुद्र ओलांडून गेला, आणि ती इथं धाकट्याला कवटाळून त्याच्यासाठी रडत मेली असणार. नुसता दारात येऊन उभा राहिला असता तर! शिव्या दिल्या असत्या तिनं, लाटणं फेकून मारलं असतं, आणि मग भाकरी वाढली असती. अख्खी.

तो आला नाही, ताठ्यामुळं म्हणा नाहीतर लाजेमुळं. आमच्या घरात दोन्ही एकाच रंगाची असतात. माझ्या बापातही होतं ते. माझ्यात आहे हे गाव सांगेल.

आणि त्याची पणती तेवढं अंतर कापून उलटी आली, दारात उभी राहिली, आणि मी तिला काय म्हणालो, तर त्यांच्याकडं न्या.

सून जेवायला वाढायला आली. पान ठेवलं. मी विचारलं, "कधी जायचीय ती?"

"उद्या सकाळी. मुंबईला गाडीनं, तिथून विमान."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही," ती म्हणाली. मग वाटी सरकवत म्हणाली, "हॉटेल गंगापूर रोडलाच आहे, कॉलेजच्या पुढं. मी आता हेही तुम्ही न विचारता सांगतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेच्या आधी उठलो. तिला उठवून म्हणालो, एक भाकरी टाक. ती पीठ मळायला बसली. मुलाला म्हणालो, गंगेवर ने मला गाडीवरून. रात्रीच्या गर्दीनं पायऱ्यांवर नुसता भंडारा आणि खोबऱ्याचे तुकडे पडले होते. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत गंगा भरून घेतली. टाक सदऱ्याच्या आतल्या खिशात होता. चांदी छातीला गार लागत होती. दोन झेंडू तोडून घेतले होते, तेही तिथंच.

हॉटेलसमोर टॅक्सीची डिकी उघडी होती. आमचाच ड्रायव्हर. मला बघून म्हणाला, "आबा, टाईम नाय. घाटात ट्राफिक लागली तर ईमान जाईल यांचं."

"जाऊ दे थोडं," मी म्हणालो.

ती आतून आली. मला बघून थांबली. सून बरोबर नव्हती, मला इंग्रजी येत नाही, तिला मराठी नाही. हे एका परी बरंच झालं. सूनबाई असती तर मला काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि मी वाकडंच बोललो असतो.

मी खिशातून टाक काढला. तिनं घाईघाईनं हात पुसले, बांगड्या वर सारल्या आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. नाशकात आजवर कोण्या बाईच्या हातात वीर दिला गेला असेल की नाही मला ठाऊक नाही. मी तिच्या ओंजळीत तो ठेवला आणि म्हणालो, "घे बाय. हा तुझा पणजा. मेला नव्हता तो."

ड्रायव्हरनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. मी म्हणालो, गप रे. तिला कळलं होतं. तिनं टाकावरून बोट फिरवलं, त्या झिजलेल्या तोंडावरून, आणि कपाळाला लावला.

पाण्यापर्यंत न्यायला वेळ नव्हता. मी बाटलीचं झाकण काढलं आणि फुटपाथवरच, तिच्या ओंजळीतल्या टाकावर गंगा ओतली. पाणी तिच्या बोटांतून खाली बुटांवर पडत होतं. दूधवाला थांबून बघत होता. पहारेकरी बघत होता. बघू देत.

ती पुन्हा येईल असं ती म्हणाली नाही, मीही ये म्हणालो नाही. दोघांनाही आपापले गुडघे ठाऊक. टाक तिनं मला परत दिला, दोन्ही हातांनी, आणि मी तिला झेंडू दिले. मग फडकं सोडलं, भाकरी अजून गरम होती. मी ती मोडली. ह्या वेळी नीट मधोमध मोडली. अर्धी तिच्या हातात दिली, आणि टॅक्सीच्या उघड्या डिकीशी उभ्यानं आम्ही दोघांनी ती खाल्ली.